मॉर्फिनची भीती आणि कर्करोगाची कळ

कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन लिहून दिलं की घरातले हबकतात. "म्हणजे आता काही उरलं नाही का, डॉक्टर?" माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजाने होतं. मॉर्फिनची मात्रा वेदना किती आहे त्यावर ठरते, आयुष्य किती उरलंय त्यावर नाही. केमोथेरपी चालू असतानाही ते देतात आणि दुखणं ओसरलं की हळूहळू कमी करून बंदही करतात.

व्यसन लागेल, ही दुसरी धास्ती. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी घेणाऱ्या कर्करुग्णांत व्यसन क्वचितच आढळतं. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून गोळी एकाएकी थांबवायची नाही. श्वास बंद पडेल म्हणूनही लोक घाबरतात. मात्रा थोडक्यापासून सुरू करून बेताने वाढवली तर तसं सहसा होत नाही. उलट अखेरच्या टप्प्यातली धाप कमी करायलाही हेच औषध वापरतात. सुरुवातीची गुंगी नि मळमळ बहुधा काही दिवसांत जाते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, त्यामुळे पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. "अगदीच सहन होईना तेव्हा देऊ" म्हणणाऱ्या घरात रुग्ण विनाकारण तळमळतो.

"त्याच्यावर बंदी आहे ना?" बंदी कधीच नव्हती. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची एवढी गुंतागुंत केली आणि शिक्षा इतक्या कडक ठेवल्या, की कित्येक रुग्णालयांनी साठा ठेवणंच सोडलं. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला असलेल्या देशात रुग्ण मॉर्फिनवाचून कण्हत राहिले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. त्यानंतरच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच परवानगी पुरते.

तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या पॅलिएटिव्ह केअर (वेदना-त्रास कमी करणारी सेवा) विभाग असलेल्या रुग्णालयात चौकशी करावी लागते. तेव्हा उपचार सुरू होतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा: तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आमच्या जवळपास कुठे मिळेल?