खिशांतला साक्षीदार

दिवेलागणीची वेळ झालेली असते, घरांतलीं माणसें वाट पाहत असतात आणि आईच्या मोबाइलवर दोन शब्द उमटतात: "दादरला पोहोंचलों." ती निश्चिंतपणें स्वयंपाकघरांत जाते. चिरंजीव मात्र त्या वेळीं ठाण्याच्या फलाटावर मित्रांशीं गप्पा मारीत उभे असतात. घरगुती व्यवहारांत एवढ्याशा असत्यानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु असाच एखादा संदेश न्यायासनापुढें आला, आणि एका माणसाचें स्वातंत्र्य त्यावर अवलंबून असलें, तर त्याला किती मोल द्यावें?

"मी त्या वेळीं तेथें नव्हतोंच," असें म्हणणारा आरोपी न्यायालयांना फार जुना परिचित आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत याचें मोठें बोलकें उदाहरण दिलेलें होतें: गुन्हा कलकत्त्यास घडला, आणि आरोपी त्या दिवशीं लाहोरास होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली आहे. आपण अन्यत्र होतों हें मात्र तसें म्हणणाऱ्यानेंच सिद्ध करावयाचें असतें. म्हणून तो आशेनें खिशांतल्या फोनकडे पाहतो.

येथें दोन गोष्टींची गल्लत होते. संदेशांतला मजकूर ही एक, आणि तो पाठवितांना मागें राहिलेली नोंद ही दुसरी. मजकुराला पाठविणाऱ्याच्या शब्दापलीकडे किंमत नाहीं. साध्या एस्‌एम्‌एस्‌वर कंपनीचें संदेशकेंद्र वेळेचा शिक्का मारतें, स्थळाचा नव्हे. व्हॉट्सॲपचें खातें तर फोनखेरीज घरच्या संगणकावरहि उघडतां येतें. तेव्हां संदेश गेला कोठून, आणि त्या क्षणीं फोन कोणाच्या हातीं होता, हें मजकुरावरून समजत नाहीं. नकाशावर आपलें स्थान दाखविण्याची सोय आहे खरी. पण फोनला खोटें स्थान पढविणारे प्रोग्रामहि आहेत.

आतां कंपनीच्या नोंदीकडे वळूं. फोन कोणत्या टॉवरशीं, त्याच्या कोणत्या दिशेच्या भागाशीं जोडला गेला, हें तींत असतें. शहरांत एका टॉवरचा टापू कांहीं शें मीटरांचा, तर उघड्या माळावर तोच कित्येक किलोमीटरांचा. शिवाय फोन सर्वांत जवळचाच टॉवर धरील असा नेम नाहीं. मध्यें डोंगर आला, उंच इमारत आली, टॉवरवर गर्दी झाली, कीं तो दुसरा धरतो. खाडीच्या कांठीं उभ्या असलेल्या माणसाचा फोन पलीकडच्या तीरावरील टॉवरशीं बोलूं लागला, तर नवल नाहीं. माझ्या मतें ही नोंद "होता" म्हणण्यापेक्षां "नव्हता" म्हणण्यास अधिक उपयोगी. नागपूरच्या टॉवरवर दिसलेला फोन दहा मिनिटांनीं पुण्यास असूं शकत नाहीं, एवढें ती ठामपणें सांगते. तेंहि फोनाबद्दल, मालकाबद्दल नव्हे!

ही साक्ष नीट तपासली, तर ती काय करूं शकते हें इंग्लंडांतील सोहॅम गावीं २००२ सालीं दिसलें. दोन बेपत्ता मुलींपैकीं एकीचा फोन ज्या टॉवरच्या टापूंत असतांना बंद झाला, त्याचा संदेश गावांत नेमका कोठें पोहोंचतो, हें तज्ज्ञानें प्रत्यक्ष जागेवर मोजून पाहिलें, आणि माग खुन्याच्या घराशीं जाऊन पोहोंचला. अर्थात् इतर पुरावाहि जोडीला होताच.

याच्या उलट हकीकत डेन्मार्कची. कंपन्यांकडून आलेली कच्ची माहिती पोलिसांच्या संगणकांत वाचण्याजोग्या तक्त्यांत रूपांतरित होई. त्या रूपांतरांत कांहीं नोंदी गळून पडत होत्या, आणि कित्येक फोन भलत्याच टॉवरशीं जोडलेले दिसत होते. तक्ते मात्र सुबक दिसत. शंका घेणार कोण? २०१९ च्या ऑगस्टमध्यें तेथील सरकारी अभियोक्त्यांनीं दोन महिने हा पुरावा वापरणेंच थांबविलें. २०१२ पासूनचीं दहा हजारांहून अधिक प्रकरणें पुन्हा तपासण्यास निघालीं, व कच्च्या कैदेंतलीं बत्तीस माणसें सोडून देण्यांत आलीं. त्यांच्यांतले निरपराधी किती, अपराधी किती, हें त्या क्षणीं कोणासहि सांगतां आलें नसतें. चूक दोन्हीं बाजूंनीं कापणारी होती.

आपल्याकडे अशा पुराव्याच्या नकलेबरोबर प्रमाणपत्र लागतें. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादांत, जुलै २०२० मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें हें पुन्हा निक्षून सांगितलें; मूळ उपकरणच न्यायालयांत हजर केलें तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाहीं. नव्या अधिनियमांत ही तरतूद कलम ६३ मध्यें असून, प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीहि सही लागते. तथापि प्रमाणपत्र नक्कल अस्सल असल्याची ग्वाही देतें; नकलेंतला मजकूर खरा असल्याची नव्हे.

तेव्हां, न करो नारायण, पण आपल्यापैकीं कोणावर आपलें स्थान सिद्ध करण्याची पाळी आलीच, तर पडद्याचें नुसतें छायाचित्र काढून स्वस्थ बसूं नये. संदेश पुसूं नयेत, मूळ फोन जपून ठेवावा, आणि वकिलामार्फत कंपनीची नोंद लवकर मागवावी. ती किमान दोन वर्षें ठेवण्याचें बंधन कंपनीवर आहे. दुकानाच्या दारावरच्या कॅमेऱ्यांतलें चित्र मात्र कांहीं दिवसांतच पुसलें जातें. त्याच्याकडे आधीं धांव घ्यावी.