रुईच्या दोन जाती : ओळख व दक्षता

छत्रपती संभाजीनगरनजीकच्या चिकलठाणा परिसरासारख्या कोरड्या मुलखात, पडीक जमिनीवर वाढणारी रुई सर्वपरिचित आहे. तथापि, या एकाच नावाखाली दोन जाती येतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

कॅलोट्रॉपिस जायगँशिया या जातीच्या फुलाच्या पाकळ्या पसरलेल्या असतात. कॅलोट्रॉपिस प्रोसेरा या जातीच्या पाकळ्या उभट व टोकाशी जांभळ्या असून कळी गोलसर असते. केवळ रंगावरून जात ठरविणे योग्य नव्हे. कारण पहिल्या जातीत जांभळट व पांढरी अशी दोन्ही फुले आढळतात.

दक्षता मात्र दोहोंबाबत सारखीच हवी. शनिवारी मारुतीला वाहण्यासाठी रुईची पाने तोडताना पांढरा चीक स्रवतो. तो दोन्ही जातींत विषारी असतो. डोळ्यांत गेल्यास पारदर्शक पटलाला सूज येऊन दृष्टी अंधुक होते. पुष्कळदा वेदना होत नसल्याने उपचारास विलंब होतो. अशा वेळी डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा व विनाविलंब डॉक्टरांना दाखवावा. पाने तोडल्यावर हात धुण्याची सवय शाळेतच लागल्यास मुलांचे डोळे सुरक्षित राहतील.