आडवाटेच्या गाडीचा श्वास



ज्ञानेश्वरी, नाटक आणि अर्थकारण यांच्या रांगेत यंदा पिकअप गाडीच्या हवेच्या गाळणीला जागा मिळाली, याचे काहींना हसू आले असेल. पण आज सकाळी तुमच्या घरी आलेली भाजी, दूध, बांधकामावरची वाळू यांपैकी काही ना काही अशा गाडीतून आले असणार. आणि ती गाडी काही सगळा वेळ डांबरी रस्त्याने आलेली नसते. उसाच्या फडातून, वीटभट्टीवरून, खडीकेंद्राच्या पांढऱ्या धुरळ्यातून तिची वाट जाते. तिथे एंजिन किती वर्षे जगेल, हे बरेचसे तिच्या नाकावर अवलंबून असते. ते नाक कसे निवडावे, एवढाच आजचा विषय.

प्रथम एंजिन किती हवा खाते ते पाहू. आपण डिझेलचे पैसे मोजतो आणि हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. एक लिटर डिझेल जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल एंजिन त्याहून बरीच जास्त घेते. अडीच लिटरचे एंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर दर दुसऱ्या फेऱ्याला ते एकदा पोट भरते. म्हणजे मिनिटाला अडीच हजार, तासाला दीड लाख लिटर. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा साडेतीन खोल्यांतली हवा ते तासाभरात संपवते. टर्बो असेल तर याहूनही अधिक.

आता समोरचे काही दिसू नये इतका धुरळा असला, तर एका घनमीटर हवेत सुमारे एक ग्रॅम धूळ असते. दीड लाख लिटर म्हणजे दीडशे घनमीटर. तेव्हा अशा धुरळ्यात तासभर चाललेल्या गाडीच्या तोंडाशी दीडशे ग्रॅम धूळ येते. गारगोटीची धूळ काठिण्याच्या मापावर ७ भरते, चाकूचे पोलाद साडेपाचच्या आसपास. आपल्या काळ्या पाषाणातली खनिजेही पाच-सहाच्या घरातली. ही धूळ तेलात मिसळली की कानस तयार झाली समजा. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणून डोळ्यांना दिसणारा खडा फारसा घातक नसतो, तो गाळणीत अडकतोच. घात करते ती पाच ते वीस मायक्रॉनची, पिठासारखी धूळ. रिंगा झिजतात, दाब सुटतो, गाडी पिकअप घेत नाही, ऑइल खाऊ लागते, निळा धूर मारते, आणि शेवटी हेड उतरवून बोअर करायची पाळी येते.

तेव्हा गाळणी निवडताना पहिला प्रश्न धुळीचा. बाजारात मात्र पहिला प्रश्न ताकदीचा विचारला जातो. ‘ही लावा, हवा मोकळी येईल, गाडी उडेल’ असे दुकानदार सांगतो. हा मोह जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात स्पिटफायर विमानांना नाकाखाली मोठी व्होक्स गाळणी लावावी लागली. तिने एंजिन वाचले, पण विमानाचा वेग आणि चढण्याची ताकद घटली. गाळणी काढून टाकणे हा त्यावरचा तोडगा नव्हता. इजिप्तमधल्या अबुकीरच्या दुरुस्ती-कारखान्यातल्या माणसांनी लहान आणि सुटसुटीत गाळणी घडवली. कारागिराची अक्कल ती हीच : हवा मोकळी हवी आणि धूळही अडली पाहिजे, यांतले काहीच सोडायचे नाही.

गाळणीचे चार मुख्य प्रकार आहेत. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरना तेलाच्या वाटीची असे. हवा तेलावर आपटून वळते आणि धूळ तेलात बसते. ती वर्षानुवर्षे टिकते. पण एंजिन सावकाश चालत असले की हवेला जोर नसतो आणि धूळ निसटते, शिवाय गाडी फार कलली की तेल जागा सोडते. दुसरी घड्या घातलेल्या कागदाची, बहुतेक गाड्यांना कारखान्यातूनच येणारी. तिसरी तेल लावलेल्या सुती जाळीची, धुऊन पुन्हा वापरता येणारी. चौथी तेल लावलेल्या स्पंजाची, चिखलधुळीत पळणाऱ्या शर्यतीच्या मोटारसायकलींना आवडणारी.

सुती जाळीतून हवा मोकळी जाते हे खरे. पण ‘नव्याण्णव टक्के धूळ अडवते’ असे डब्यावर वाचून आपण समाधान पावतो, तिथे गणित चुकते. एक गाळणी ९९ टक्के अडवते, दुसरी ९९.९ टक्के. फरक एका टक्क्याहूनही कमी दिसतो. आता उलटे मोजा. दीडशे ग्रॅमपैकी पहिलीतून दीड ग्रॅम आत गेली, दुसरीतून पंधरा शतांश ग्रॅम. म्हणजे दहापट! अडले किती हे न पाहता निसटले किती हे पाहावे. आयएसओ ५०११ नावाच्या जागतिक प्रमाणाने गाळण्यांची परीक्षा होते : किती अडवते, किती धूळ पोटात मावते आणि हवेला किती अडथळा करते. हे तीनही आकडे जो विक्रेता दाखवील, त्याच्याशी बोलावे. तेलाच्या गाळणीत आणखी एक पथ्य आहे. तेल कमी लावले तर धूळ निसटते. जास्त लावले तर ते पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर बसते, आणि गाडीचा डिझेलचा हिशेब बिघडतो.

रोज धुळीत राबणाऱ्या गाडीला चांगल्या कागदाची गाळणी पुरेशी, आणि बहुधा सर्वांत शहाणपणाची. फक्त ती नकली नसावी. घड्या एकसारख्या आहेत का, कडेचे रबर मऊ आणि सलग आहे का, हे हातात घेऊन पाहावे. खरी चोरवाट त्या रबराशीच असते. खोक्याचे झाकण नीट न बसल्याने धूळ कागदाला वळसा घालून आत गेली, तर कागद कितीही उत्तम असून काय उपयोग? गाळणीच्या पलीकडच्या नळीत पांढरे फडके फिरवून पाहा. ते मळले तर कुठेतरी फट आहे.

गाळणीच्या आधी जमेल तेवढी धूळ बाहेर टाकणे हा त्याहून मोठा उपाय. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर वाटीसारखे भांडे आपण पाहतो. त्यात हवा गरगर फिरते आणि जड धूळ कडेला फेकली जाते. याने पाचांपैकी चार भाग धूळ काढली, तर मागच्या कागदाचे आयुष्य पाचपट झाले.

ऑस्ट्रेलियातल्या पिकअप गाड्यांना टपापर्यंत गेलेले उभे धुराड्यासारखे नळकांडे दिसते. त्याला स्नॉर्केल म्हणतात. ते नदी ओलांडण्यासाठी असते अशी समजूत आहे, ती खरीच. सिलिंडरमध्ये पाणी गेले तर पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण कोरड्या मुलखातही त्याचा उपयोग आहे, कारण चाकांनी उडवलेली धूळ खाली दाट आणि वर विरळ असते. मात्र एकही सांधा उघडा राहिला तर ते नुसती शोभा ठरते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या, १९८८ च्या, कलम ५२ ची मर्यादा आहे. म्हणून आधी आरटीओत विचारावे. उघडी शंकूची गाळणी बॉनेटखाली बसवणे मात्र टाळावे. ती एंजिनाचीच गरम हवा ओढते, आणि हवा तीस अंशांनी तापली की सुमारे दहा टक्के विरळ होते. ताकदीसाठी पैसे देऊन ताकद घालवण्याचा हा प्रकार!

आता निगा. संध्याकाळी गाळणी काढून तिला कॉम्प्रेसरची हवा मारायची, ही आपल्याकडे निष्ठेने पाळली जाणारी चाल आहे. जोराच्या हवेने कागदाला न दिसणारी भोके पडतात, आणि दर वेळी खोके उघडताना थोडी धूळ आत सांडते. शिवाय कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो कागद नव्याहून बारीक गाळतो. म्हणून अडथळा दाखवणारा लहानसा दर्शक बसवावा. तो लाल झाला की गाळणी बदलावी, उगाच छेडू नये. पुढच्या गाडीच्या धुरळ्यातून न जाता अंतर ठेवावे. या गाळणीला पैसे पडत नाहीत.

हे सारे मी चालकांच्या बैठकांत सांगतो, त्याला कारण आहे. एंजिन बसले की पहिला आळ चालकावर येतो. एका खडीकेंद्रावर दुरुस्तीचा खर्च चालकाच्या पगारातून हप्त्याने कापला गेला. गाळणी कधी बदलली याची नोंद कुठेच नव्हती, आणि नवी मागितल्याचा पुरावाही नव्हता. तेव्हापासून आम्ही आग्रह धरला, की प्रत्येक गाडीत एक वही असावी : गाळणी कधी बदलली, कोणी मागितली, कोणी नाकारली. दोन ओळींच्या नोंदीने पगारही वाचतो आणि एंजिनही.

आणि एक गोष्ट. जी बारीक धूळ एंजिन झिजवते, तिच्यातली सर्वांत बारीक, पाच मायक्रॉनच्या आतली, माणसाच्या फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. दगडात गारगोटीचा अंश जास्त असेल, तर तिने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. एंजिनाला बोअर करता येते. ज्या आवारात पिकअपला दोन-दोन गाळण्या आहेत, तिथे पाटी उचलणाऱ्या बाईच्या तोंडावर लुगड्याचा पदर असतो. पदर ही धूळ अडवीत नाही. वाटेवर टँकरने पाणी मारले, यंत्रावर फवारा धरला, तर गाडीची गाळणी दुप्पट टिकेल की तिप्पट, याचा हिशेब मालकाने करावा. त्याच पाण्याने माणसेही वाचतील. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांचे बांधकाम चालू आहे, त्यांनी खडी घ्यायला गेल्यावर भाव विचारावा, आणि पाणी मारता का, हेही विचारावे. गिऱ्हाइकाने विचारले की मालकाला ते लवकर ऐकू येते.