वेळेवर पोहोचण्याचे शास्त्र

पूर्व दिल्लीतील मयूर विहारच्या वसाहती अद्याप झोपेत असतात, त्या वेळी शेजारच्या पटपडगंज येथील मदर डेअरीच्या प्रकल्पात कामाची लगबग असते. उजाडता उजाडता वसाहतीतील दूधकेंद्रे उघडतात. कुणी यंत्रातून सुटे दूध भांड्यात घेतो, कुणी पिशवी घेऊन घरी परततो. ग्राहकाचा हा व्यवहार जेमतेम मिनिटभराचा. परंतु त्यामागे शेकडो मैलांची आणि अनेक हातांची अखंड साखळी उभी असते. या साखळीचा अभ्यास म्हणजेच पुरवठा साखळी आणि परिचालन व्यवस्थापन. वाणिज्य, विज्ञान वा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर पुढे काय, असा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, त्यांनी या विषयाची ओळख अवश्य करून घ्यावी.

मदर डेअरीची स्थापना 1974 मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ या दुग्धविकास कार्यक्रमांतर्गत झाली. गावातील सहकारी संस्था सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करतात, ते शीतकरण केंद्रात थंड केले जाते आणि तापमान राखणाऱ्या टँकरमधून शहराकडे निघते. यांतील एक दुवा जरी काही तास निखळला, तरी शहरात टंचाई आणि गावात नासाडी अशी दुहेरी हानी होते.

याची कसोटी मार्च 2020 मध्ये लागली. आंध्र प्रदेशातील रेणिगुंटा येथून दिल्लीकडे येणारे दुधाचे टँकर प्रवासी गाड्यांना जोडले जात असत. टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या. गाईम्हशींना मात्र टाळेबंदी ठाऊक नव्हती. तेव्हा रेल्वेने 26 मार्च 2020 पासून ‘दूध दुरांतो’ नावाची खास गाडी सुरू केली. एकेका टँकरची क्षमता 40 हजार लिटर आणि अंतर सुमारे 2,300 किलोमीटर! ही गाडी ज्या हजरत निजामुद्दीन स्थानकात येई, ते मयूर विहारहून यमुनेच्या केवळ पलीकडच्या तीरावर आहे. साखळीचा एक दुवा तुटल्यावर दुसरा तातडीने कसा जोडावा, याचा यापेक्षा बोलका धडा क्वचितच सापडेल.

या विषयाची दोन अंगे आहेत. परिचालन व्यवस्थापन कारखान्याच्या वा संस्थेच्या आतील कामाकडे पाहते: यंत्रांचे वेळापत्रक, गुणवत्ता, मनुष्यबळ, रांगा. पुरवठा साखळी व्यवस्थापन कच्च्या मालापासून अंतिम ग्राहकापर्यंतचा संपूर्ण प्रवास पाहते: खरेदी, वाहतूक, गोदाम, वितरण. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: किती, केव्हा आणि कोठे?

विद्यापीठात या प्रश्नाचे उत्तर गणिताने शोधावयास शिकवितात. एक साधे, कल्पित उदाहरण घेऊ. गाझीपूरच्या मंडीतून कोथिंबिरीची जुडी 6 रुपयांना आणून मयूर विहारमध्ये 10 रुपयांना विकणारा भाजीवाला आहे. जुडी कमी पडली, तर 4 रुपयांचा नफा बुडतो. उरली, तर 6 रुपये मातीमोल होतात. 4 ला 4 अधिक 6 ने, म्हणजे 10 ने भागले की उत्तर येते 40 टक्के. अर्थ असा, की दहांपैकी सुमारे चार दिवसच सर्व गिऱ्हाइकांची मागणी पुरी होईल, एवढाच माल आणणे त्याला किफायतशीर. उरलेले सहा दिवस कोथिंबीर लवकर संपली, तरी त्याचे गणित चुकलेले नसते. याउलट औषधाच्या दुकानात माल संपणे फार महाग पडते. तेथे साठा अधिक ठेवावा लागतो. टंचाईला किंमत असते, तशीच साठ्यालाही असते. ती किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

बँकेच्या व्यवहारांशी या शास्त्राचे नाते जवळचे आहे. कॅश क्रेडिट खातेदार दरमहा जे स्टॉक स्टेटमेंट सादर करतात, त्यातील साठा म्हणजे गोदामात निजलेला पैसा होय. तो वेळेत जागा झाला नाही, तर व्याज मात्र जागेच राहते. एटीएममध्ये किती रोकड भरावी, हाही कोथिंबिरीच्याच जातीचा प्रश्न आहे.

शिक्षणाच्या संधी अनेक आहेत. दिल्ली विद्यापीठात ‘ऑपरेशनल रिसर्च’ हा स्वतंत्र विभाग आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात नोकरी सांभाळून परिचालन व्यवस्थापन शिकता येते. मुंबईत पवईजवळ 1963 मध्ये स्थापन झालेली ‘नीटी’ ही संस्था 2023 मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली; परिचालन व पुरवठा साखळी ही तिची जुनी ओळख आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएमध्येही हा विषय विशेष अभ्यासासाठी निवडता येतो.

तथापि, प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. संख्याशास्त्राची गोडी आहे काय? आणि गोदामात, कारखान्यात, प्रसंगी मध्यरात्रीच्या मालधक्क्यावर उभे राहण्याची तयारी आहे काय? या क्षेत्रातील पहिली नोकरी वातानुकूलित कक्षातच मिळेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. एक दिवस पहाटे मंडीत जाऊन माल उतरताना पाहावा. मन रमले, तर वाट आपली समजावी.

पालकांनी खर्चाचा हिशेबही याच शास्त्राने मांडावा. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. व्याजाची आकारणी मात्र कर्ज उचलल्यापासून होते. म्हणून शुल्काचा हप्ता देय होईल तेव्हाच तेवढी रक्कम उचलावी आणि शक्य असल्यास शिक्षणकाळातच व्याज भरत जावे. गरजेपेक्षा अधिक उचललेले कर्ज म्हणजे विक्रीविना पडून राहिलेला मालच. संस्थेची मान्यता, अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाचा काळ आणि पूर्वीच्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्या यांची चौकशी करूनच शाखेत अर्ज करावा.

उद्या पहाटे दूधकेंद्रावर उभे असताना क्षणभर विचार करावा: हे दूध आज येथे नसते, तर कोठे अडले असते? ज्या मुलाला वा मुलीला हा प्रश्न सुचतो आणि स्वस्थ बसू देत नाही, त्यांच्यासाठी या विद्येचे दार उघडे आहे.