वय वजा वजन : हाडांचे एक सोपे गणित

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतला सांगाडा येतो. कोरडा, पांढरा, वर्षानुवर्षे तसाच. जिवंत हाड मात्र असे स्थिर नसते. काही पेशी जुने हाड विरघळवत असतात, तर दुसऱ्या पेशी त्या जागी नवे हाड भरत असतात. साधारण तिशीपर्यंत भर अधिक आणि झीज कमी असते. पुढे हा हिशेब हळूहळू उलटतो. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक झिजेला आवर घालते. पाळी कायमची थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि पुढची पाच-सात वर्षे हाडे वेगाने झिजतात. आतली जाळी विरळ होते. यालाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. पुरुषांनाही तो होतो, पण बहुधा उशिरा.

या रोगात ताप येत नाही की दुखत नाही. बहुतेक वेळा पहिली खूण म्हणजे हाड मोडणे. न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुबा मोडतो. हात टेकून पडल्यावर मनगट मोडते. मग प्रश्न असा, की हाड मोडण्यापूर्वी हे कळावे कसे?

खात्रीची तपासणी आहे. तिला डेक्सा म्हणतात. अगदी कमी प्रमाणात क्ष-किरण वापरून हाडाची घनता मोजतात आणि निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीशी ताडून पाहतात. येणाऱ्या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. तो उणे २.५ किंवा त्याहून कमी असेल तर ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये रूढ केली. पण हे यंत्र महाग असते आणि मोठ्या शहरांतच आढळते. नागपूरहून वर्धा रस्त्याने तीसेक किलोमीटरवर असलेल्या बुटीबोरीचा विचार करा. औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला तपासणीसाठी नागपूरला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणे आले. सगळ्यांना पाठवणे शक्य नाही. मग आधी कोणाला पाठवावे?

२००१ साली आशियातील आठ देश व प्रदेशांतल्या, पाळी थांबलेल्या ८६० स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अनेक घटक तपासले. अखेर वय आणि वजन हे दोनच पुरेसे ठरले. त्यातून 'ओस्टा' हे सूत्र तयार झाले :

ओस्टा = ०.२ × (वजन किलोमध्ये − वय वर्षांत)

उत्तर उणे १ पेक्षा अधिक आले तर धोका कमी, उणे १ ते उणे ४ असेल तर मध्यम आणि उणे ४ च्याही खाली गेले तर जास्त. हेच तोंडी करायचे तर वयातून वजन वजा करावे. फरक ५ पेक्षा कमी असेल तर धोका कमी, ५ ते २० असेल तर मध्यम, २० च्या वर असेल तर जास्त. उदाहरणार्थ, ५२ वर्षे वयाच्या आणि ६० किलो वजनाच्या बाईंचा फरक उणे ८, म्हणजे धोका कमी. ५८ वर्षे आणि ४८ किलो, फरक १०, धोका मध्यम. ६५ वर्षे आणि ४० किलो, फरक २५, धोका जास्त.

वयाचे कारण आपण वर पाहिलेच. पण वजनाचा संबंध काय? हाडावर भार पडला की ते घट्ट होते. अंतराळात वजन जाणवत नाही, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने घटते. शिवाय पाळी थांबल्यानंतर शरीरातील चरबी थोडे इस्ट्रोजेन तयार करते. म्हणून किडकिडीत, वयस्कर बाईला धोका अधिक. याचा अर्थ वजन मुद्दाम वाढवावे असा मात्र नाही. लठ्ठपणाचे दुष्परिणाम वेगळे आहेत.

आता हे सूत्र किती विश्वासाचे ते पाहू. वरच्या अभ्यासात उणे १ ही सीमा धरली तेव्हा रोग असलेल्यांपैकी ९१ टक्के स्त्रिया सूत्राने टिपल्या. रोग नसलेल्यांपैकी मात्र ४५ टक्क्यांनाच 'धोका कमी' असे उत्तर मिळाले. फळ्यावर एक हिशेब मांडू. समजा, १०० स्त्रिया आहेत आणि त्यांतील २० जणींना रोग आहे. सूत्र त्यांतल्या सुमारे १८ जणींना टिपेल, २ निसटतील. उरलेल्या ८० पैकी ३६ जणींना 'धोका कमी' असे सांगेल आणि ४४ जणींना उगाच धोक्यात टाकेल. म्हणजे सूत्राने बोट दाखवलेल्या ६२ जणींपैकी खरोखर रोगी १८. म्हणून 'धोका आहे' याचा अर्थ 'रोग आहे' असा नव्हे, 'तपासून घ्या' एवढाच. गहू चाळणीत घातला म्हणजे दळून झाला असे होत नाही. टाचेची तपासणी करणारे यंत्र शिबिरांत असते, तेही चाळणीच. त्याच्या आकड्याला उणे २.५ ची व्याख्या लागू होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्या आठ देश-प्रदेशांत भारत नव्हता. आणि सूत्र पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी, वयावर आधारलेले आहे. आता बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा विचार करा. त्यांच्यात कमी वयात गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण फार असल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. या बाईच्या हाडांची झीज तिच्या किती तरी आधी सुरू होते. तिचे वय ३५ आणि वजन ४२ किलो असेल तर फरक उणे ७. सूत्र म्हणेल, धोका कमी! ज्या बाईची सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी, तिलाच हे गणित घरी पाठवते.

म्हणून आकड्याबरोबर काही प्रश्न विचारायलाच हवेत. पाळी ४५ वर्षांच्या आत थांबली का, बीजकोश काढले आहेत का? साध्या पडण्याने पूर्वी हाड मोडले होते का? आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का? स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या का? उंची कमी झाली किंवा पाठीला बाक आला का? तंबाखू, दारू? एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' आले तर आकडा कितीही चांगला असला तरी डॉक्टरांना विचारावे.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. जास्त फ्लोराइडने हाड यंत्रावर घन दिसते, पण मजबूत नसते. अशा गावात चांगला टी-स्कोअरही फसवू शकतो.

वर्गात हा पाठ घेताना विद्यार्थ्यांनी घरातील मोठ्यांचे वय व वजन विचारून फरक काढावा, आलेख मांडावा आणि वरचे प्रश्न घरी न्यावेत. निदान मात्र सांगू नये. ते काम आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे. आणि विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हाडांचे काय? त्यांची जमा अजून चालू आहे. नाचणीत दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याहून कितीतरी अधिक. ज्वारीत फार थोडे. दूध, तीळ, पालेभाज्या, अंगावर ऊन आणि धावणे-उड्या मारणे यांनी ही जमा वाढते. खेळाचा तास गणिताला दिला जातो तेव्हा ही जमा थोडी बुडते, हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवे.