जीपसाठी बाहेरची चाके : आधी माप, मग डिझाइन

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या ॲक्सेसरीजची दुकाने आहेत. तिथे संध्याकाळी थोडा वेळ उभे राहावे. थार किंवा जिम्नी घेऊन आलेला तरुण दुकानात शिरतो, भिंतीवर टांगलेल्या चाकांपैकी एकावर बोट ठेवतो आणि भाव विचारतो. भाव जमला की दुसरा आणि शेवटचा प्रश्न, "माझ्या गाडीला बसेल ना?" त्याचे उत्तर नेहमी "बसेल" असेच असते. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, उत्तर तेच. आणि ते अगदी खोटेही नसते. नटाला जोर दिला, मध्ये एखादी चकती घातली की पुष्कळ काही बसते. पण असे बसवलेले चाक भरलेल्या गाडीखाली, घाटात, ताशी ऐंशीच्या वेगाने फिरणार आहे, हा हिशेब त्या संवादात कुठेच येत नाही.

माझा धंदा कापडाचा. भिवंडीचा माल कोकणातल्या बाजारांत पोहोचवण्यासाठी बरीच वर्षे जीपच्या जातीची वाहने ठेवावी लागली, त्यामुळे चाके, टायर आणि मिस्त्री यांच्याशी संबंध रोजचा. आमच्याकडे पन्हा मोजल्याशिवाय कोणी थान उचलत नाही. शंभर रुपये मीटरच्या कापडाला जी चौकशी होते, ती हजारो रुपयांच्या चाकाला होऊ नये, याचे नवल वाटते.

चाकाचे पहिले माप म्हणजे बोल्ट किती आणि ते केवढ्या व्यासाच्या वर्तुळावर आहेत. दुकानात याला पीसीडी म्हणतात. जीपच्या बाबतीत या मापाला इतिहास आहे. १९४५ साली के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईत विलीस जीपची जोडणी १९४७ पासून सुरू झाली होती. त्या विलीसच्या चाकाला पाच बोल्ट होते, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीचे माप हेच आणि २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीचेही हेच.

म्हणूनच बाजारात "पाच बाय एकशे एकोणचाळीस" म्हटले की चाकांचा ढीग समोर येतो आणि दुकानदार बिनधास्त "बसेल" म्हणतो. बोल्ट बसतात हे खरे. पण एकाच पीसीडीची दोन चाके इतर तीन-चार बाबतींत एकमेकांपासून अगदी वेगळी असू शकतात. आपल्या गाडीचे माप गाडीच्या पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लिहून आणावे. मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नये, कारण एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या गाडीतही फरक असतो.

दुसरे माप मधल्या भोकाचे. जिम्नीच्या चाकाचे मधले भोक सुमारे १०८ मिलिमीटरचे आहे. कंपनीचे चाक हबवर नेमके बसते, त्यामुळे ते आपोआप मध्यावर येते. बाहेरच्या चाकाचे भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवतात. मग चाक मध्यावर आणण्याचे सगळे काम नटांवर येते. थोडे जरी सरकून आवळले गेले तर सत्तर-ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरते आणि मालक बॅलन्सिंगवर पैसे घालत राहतो. इलाज म्हणजे नेमक्या मापाची रिंग, तीही धातूची. ब्रेकच्या उष्णतेपुढे प्लॅस्टिकचा भरवसा नाही. उलट भोक लहान निघाले तर काही ठिकाणी ते खरादावर मोठे करून देतात. असे चाक मी तरी घेणार नाही.

नटाची बैठक हा भाग तर कोणी पाहतच नाही. काही चाकांना कोनाचे नट लागतात, काहींना गोलाईचे, काहींना सपाट वॉशरचे. कोनाच्या बैठकीत सपाट नट घातला तरी तो आवळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो फक्त कडेवर टेकलेला असतो आणि शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. नव्या चाकाबरोबर त्याचेच नट मागून घ्यावेत. विलीससारखी अगदी जुनी जीप कोणी हौसेने ठेवली असेल, तर तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असतात, हेही मिस्त्रीला आधीच सांगावे. नवी पोरे पाइप लावून ते बोल्ट तोडतात.

आता ऑफसेट. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच्यातच होते. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि चाक हबला जिथे टेकते ती जागा, या दोहोंतले अंतर म्हणजे ऑफसेट. हा आकडा बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला ईटी या अक्षरांपुढे असतो. आकडा जितका कमी, तितके चाक गाडीच्या बाहेर सरकते. समजा, मूळ रिम सात इंच रुंद आणि ऑफसेट ४० आहे. त्या जागी आठ इंच रुंदीची, शून्य ऑफसेटची रिम लावली. मध्य ४० मिलिमीटर बाहेर गेला, वाढलेल्या रुंदीतला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यात मिळाला. बाहेरची कड एकूण ५२.७ मिलिमीटर बाहेर आली. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन इंच!

गाडी रुंद, दमदार दिसते, फोटो चांगला येतो. पण बेअरिंगवरचा भार आता लांब दांडीने पडतो. खड्ड्यात चाक आदळले की तो झटका स्टेअरिंगमधून थेट हाताला लागतो. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक लवकर ढिले होते. वळताना टायर मडगार्डला घासतो. पावसात चिखल दरवाजांवर आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या गाडीला टायर आत घासत होता, म्हणून दुकानाने हब आणि चाकामध्ये जाड स्पेसर घालून दिला. आतले घासणे थांबले, बाहेरचे सुरू झाले. शिवाय स्पेसरमुळे नट बोल्टवर जेमतेम चार-पाच आटे धरत होता. ते पाहिल्यावर त्याच्या वडिलांनी गाडीची चावी काढून घेतली, हे योग्यच झाले. मूळ ऑफसेटपासून शक्य तितके कमी हलावे, आणि स्पेसरने जमवावे लागणारे चाक दुकानातच सोडावे.

व्यासाबद्दल उलटी समजूत आहे. मोठी रिम म्हणजे भारी गाडी, असे शहरात मानतात. खडकात आणि वाळूत मात्र काम टायरच्या भिंतीचे असते, रिमचे नव्हे. २०२० च्या थारचे उदाहरण सोपे आहे. तिला कंपनीने दोन मापांचे टायर दिले : अलॉयवर २५५/६५ आर १८ आणि लोखंडी चाकावर २४५/७५ आर १६. पहिल्याची भिंत सुमारे १६६ मिलिमीटर, दुसऱ्याची १८४. पूर्ण व्यास ७८९ आणि ७७४, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आत. सोळाच्या रिमवर रबर जास्त, धातू कमी. दगडावर रबर दबते आणि रिम वाचते. ज्याला खरोखर कच्च्या वाटेने जायचे आहे, त्याने अठरावरून वीसवर जाण्याऐवजी सोळाकडे यावे.

टायर वाढवताना स्पीडोमीटरचाही हिशेब करावा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिलिमीटर. त्या जागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास दीड टक्का वाढतो, एवढे चालून जाते. २३५/७५ घातला तर वाढ जवळजवळ सहा टक्के. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असते. शिवाय जड टायर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला.

भाराचा आकडाही वाचावा. टायरवर तो सांकेतिक असतो. जिम्नीच्या टायरवरचा ९६ म्हणजे ७१० किलो. चांगल्या रिमवर कमाल भार किलोत किंवा पाउंडांत कोरलेला असतो. गाडीच्या जड आसावरचा कमाल भार निम्मा करा. रिमचा आकडा त्याहून कमी असता कामा नये, थोडा जास्तच असावा. आकडाच कोरलेला नसेल तर ते चाक शोभेचे समजावे. अशा रिमांसाठी आय.एस. १६१९२ हे भारतीय मानक आहे आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने रिमांना मानकाखाली आणण्याचा आदेशही काढला. तो क्रमांक आणि आयएसआय चिन्ह शोधावे.

लोखंडी की अलॉय? लोखंडी चाक जड असते, गंजते, पण दगडावर वाकले तर गावातला मिस्त्री घणाने सरळ करून देतो आणि आपण घरी पोहोचतो. ओतीव अलॉय हलके असते, पण मोठा दणका बसला की त्याला तडा जातो. ठोकून घडवलेले, म्हणजे फोर्ज्ड, अलॉय मजबूत असते आणि त्याची किंमतही तशीच. सी लिंक आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे एवढेच ज्याचे जंगल, त्याने अलॉय खुशाल घ्यावे.

जपायचे ते जुन्या अलॉयपासून. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून, घासून, पावडरचा रंग चढवून 'नव्यासारखे' म्हणून विकले जाते. आमच्या धंद्यात रफू केलेले कापड रफू सांगून विकले तर तो सौदा साफ असतो, न सांगता विकले तर ती फसवणूक. इथे तर गिऱ्हाइकाचा जीव त्याच्यावर चालतो. जुने चाक घेताना टायर उतरवायला लावावा आणि आतला पृष्ठभाग उजेडात फिरवून पाहावा. वेल्डिंगची कड रंगाखालीही बोटाला लागते. मग चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामे फिरवावे. कड डोलताना दिसली तर सौदा तिथेच सोडावा. दुकानदार टायर उतरवायला नकार देत असेल, तर उत्तर मिळालेच.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांत राहणे सगळ्यात सुरक्षित. विमा कंपनीलाही नवी चाके लेखी कळवावीत, नाहीतर अपघातानंतर वाद होतो.

भाव विचारताना पाच चाकांचा विचारावा, चारचा नव्हे. फोर व्हील लावलेली असताना स्टेपनीचा व्यास वेगळा निघाला तर गिअरवर ताण येतो, आणि मागच्या दारावर टांगलेले जड चाक बिजागऱ्या खाते. बिलावर कंपनीचे नाव, पीसीडी, मधले भोक, ऑफसेट आणि भार हे सगळे लिहून घ्यावे. "बसेल" म्हणणारा दुकानदार हे लिहून देताना अडखळला तर आपण दुसऱ्या दुकानात जावे. प्रामाणिक दुकानदाराला यात काही जड नाही. उलट परत आलेल्या मालाची कटकट वाचते.

बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळून घ्यावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. मढ किंवा वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर चाके आतूनही गोड्या पाण्याने धुवावीत. आणि कंपनीची मूळ चाके दुकानदार बदल्यात मागेल, ती देऊ नयेत. गाडी विकताना नवा मालक ती पहिल्यांदा विचारतो.