मोरोक्को : शहरं, कारागिरी, चवी

ओळख
- राजधानी रबात. सर्वांत मोठं शहर कॅसाब्लांका. चलन दिरहम.
- राजभाषा अरबी आणि (२०११पासून) अमाझिग. फ्रेंचही सर्रास चालते.
- वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात.

अंतरं (सुमारे)
- कॅसाब्लांका-रबात ९० कि.मी., मेकनेस-फेझ ६० कि.मी., कॅसाब्लांका-माराकेश २४० कि.मी.
- माराकेशहून वाळवंटाकडे जाताना तिझी-न-तिश्का घाट; उंची सुमारे २,२६० मीटर.

जुन्या शहरातले शब्द
- मदिना : तटबंदीच्या आतलं जुनं शहर. फेझची मदिना १९८१पासून, माराकेशची १९८५पासून जागतिक वारसा.
- सूक : बाजार. अनेक ठिकाणी प्रत्येक धंद्याची गल्ली वेगळी.
- कसबा : किल्ला किंवा तटबंदीची वस्ती.
- रियाद : आत बाग किंवा चौक असलेला वाडा.

कारागिरी
- झेलिज : झिलईच्या फरशा हातोडीने घडवून, तुकडे जुळवून केलेली भौमितिक नक्षी.
- चामडं (फेझ) : कातडी चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेल्या हौदांत मऊ करतात, मग रंगवतात.
- मातीची भांडी : साफी. थुया लाकडाचं जडावकाम : एसावीरा.

चवी
- ताजिन : शंकूच्या आकाराचं झाकण असलेलं मातीचं भांडं, त्यात मंद आचेवर शिजलेल्या पदार्थाचंही हेच नाव.
- कुसकुस : गव्हाच्या रव्याचे वाफवलेले कण, परंपरेने शुक्रवारचं जेवण. २०२०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांची संयुक्त नोंद.
- चहा : चिनी हिरवी चहापत्ती, ताजा पुदिना, भरपूर साखर.